थर्माकोलचा घण

मी आयुष्यात एकच दिवस लोहार होते. एक दिवस म्हणजे तरी काय, पंचवीसेक मिनिटं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या अंगणात मांडी घालून बसलेली, डाव्या हातात पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातली सांडशी, उजव्या हातात फळा पुसायचं डस्टर. समोर पदर खोचून उभी असलेली एक बाई माझ्या नाकासमोर घण घालत होती आणि दीडशे माणसं शिट्ट्या मारत होती. चौतीस वर्षांच्या नोकरीत आदर्श शिक्षिका पुरस्कार काही मला मिळाला नाही. पण त्या दिवसानंतर मी त्याबद्दल कधी कुरकुर केली असेल तर शपथ!

दिवाळी अंकासाठी नोकरीच्या आठवणी लिहून द्या म्हणाले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. माझी नोकरी क्रमाने सांगायची तर ती बदल्यांची यादी होईल. तलासरीचे दोन पाडे, वाणगावजवळची एक शाळा आणि शेवटी सरावलीच्या पलीकडचा एक पाडा, जिथे मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. त्या शेवटच्या शाळेचं नाव मी सांगणार नाही. का ते पुढे कळेलच, आणि माझ्यानंतर तिथे बसलेल्यांना उगाच ताप नको.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मास्तरकी म्हणजे शिकवणं. अहो, शिकवणं हा त्यातला मजेचा भाग. खरं काम म्हणजे पट सांभाळणं. पट म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांची संख्या. शिक्षक किती मिळणार, तांदूळ किती येणार, सगळं त्या पटावर. आणि आमच्याकडे पोरांचे पाय काही पटावर ठरत नाहीत. दिवाळीनंतर आईबाप गवतकापणीला, वीटभट्टीला जातात, पोरं त्यांच्यामागे. ती निदान परत येतात, कारण घर इथेच असतं. पण काही मुलं अशी, की त्यांचं घरच चाकांवर. नंदीबैलवाले, दोरावरचा खेळ करणारे, विळे-कोयते घडवणारे घिसाडी. ती येतात, महिना-दोन महिने बसतात आणि एका सकाळी शाळेजवळच्या चिंचेखालची त्यांची जागा रिकामी असते. मग मुख्याध्यापक लाल पेन काढतो, नावावर एक रेघ मारतो आणि शेऱ्यात लिहितो, ‘पालकांचे स्थलांतर’.

गमतीही खूप. एका वर्षी नंदीबैलवाल्याच्या मुलाला दुसरीत बसवलं होतं आणि बाप बैलाला घेऊन खिडकीबाहेर उभा. तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाला विचारलं, “शाळा आवडते का?” आमची पोरं नवख्यापुढे तोंड उघडतील तर शपथ! सगळी जमिनीकडे बघत गप्प. तेवढ्यात खिडकीतून गुबुगुबु वाजलं आणि नंदीने होय म्हणून मान हलवली. साहेबांनी शेरा लिहिला, वातावरण आनंददायी.

पण लाल रेघांचं मला काही हसू येत नाही. दोरावरच्या खेळवाल्यांची एक मुलगी होती, चौथीत. तिच्या नावावर मी रेघ मारली तेव्हा तिची पाटी वर्गातच होती, पाटीवर अर्धवट सोडवलेला भागाकार. ती पाटी मी वर्षभर कपाटात ठेवली. ती आली नाही. त्यानंतर मला त्या लाल पेनाचा राग यायला लागला, पण राग आला म्हणून नियम बदलत नाहीत. रेघा मी मारतच राहिले.

मग काजल आली.

काजल म्हणजे घिसाड्यांची मुलगी. तिची आई ताराबाई, बाप किसनभाऊ. तीन वर्षं ओळीने थंडीत त्यांचं कापडी पाल शाळेच्या मैदानाकडेच्या चिंचेखाली पडायचं. आमच्या लोकांना त्या दिवसांत कोयत्यांची फार गरज. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब जाळायचा म्हणजे आधी झाडांच्या फांद्या तोडायच्या, त्याला धारेचा कोयता हवा. कमरेच्या आकडीत कोयता अडकवलेला गडी चिंचेखाली आला नाही असा दिवस नसायचा. होळी जवळ आली की ही मंडळी टेम्पोत संसार भरून तलासरीकडे आणि तिथून गुजरातेत. मी दोन वर्षं काजलचं नाव घातलं आणि दोन वर्षं त्यावर रेघ मारली. तिसऱ्या वर्षी ती सातवीत होती. शेवटच्या ओळीत बसायची, एक अक्षर बोलायची नाही, आणि गणितं अशी सोडवायची की आमचे धोडी सर तिची वही मला आणून दाखवायचे. धोडी सर म्हणजे माझे सहशिक्षक, याच तालुक्यातला वारली तरुण, माझ्या उलट. मी तापायची, ते थंड.

त्या वर्षी मी ठरवलं, रेघ मारायची नाही. दुपारच्या सुट्टीत चिंचेखाली गेले. किसनभाऊ ऐरणीपाशी बसून सांडशीत लाल लोखंड धरून होते आणि ताराबाई उभ्याने घण घालत होती. काय ते दंड! मला बघून तिने घण टेकवला.

“ताराबाई, काजलला परीक्षेपर्यंत माझ्याकडे ठेवा,” मी म्हटलं. “सरावलीला माझं घर आहे. मी आणि माझे यजमान, दोघंच. सातवी झाली की डहाणूला वसतिगृहात जागा मिळेल, आठवीपासून पुढचं सगळं तिथे.”

“आन् मंग मला घण कोण घालू लागंल?” ती म्हणाली. “तेरावं लागलं पोरीला. हात बसायला लागलाय तिचा.”

“डोकंही बसलंय तिचं. गणितात सगळ्या शाळेच्या पुढे आहे.”

ताराबाईने शाळेच्या भिंतीकडे हात केला. मग म्हणाली, “बाई, एक विचारू? तुमच्या निशाळेत आमचं काय हाय?” आमच्या भागात गुजरातीच्या शेजाराने शाळेला निशाळ म्हणतात बरेच जण, आणि हिची घरची बोलीही गुजरातीच्या जवळची. “भिंतीवर वारल्यांची चितरं हायती. त्यांची पोरं भिंत बघून खूश. पुस्तकात शेतकरी हाय, पोस्टमन हाय, डॉक्टर हाय. मी काजलला म्हनलं, आपलं काय हाय? म्हनली, काय न्हाय. जिथं आपलं कायबी न्हाय तिथं पोर एकटी सोडू?”

मी पुस्तकातले धडे मनातल्या मनात चाळून पाहिले. लोहार एकाही धड्यात नव्हता.

“दाखवा मला, आमचं काय हाय ते,” ती म्हणाली. “दिसलं तर पोर ठेवते. न्हाय दिसलं तर होळीच्या आत आम्ही तलासरी, आन् पोर आमच्यासंगं. आन् ती तुमची घंटा बदला आधी. मेल्या ढोराला मारल्यावानी वाजती.”

घंटेबद्दल तिचं खरंच होतं. आमची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, आणि वाजवायला ट्रॅक्टरचा गंजका बोल्ट. वाजवलं की ‘थप्प’.

देव आहे असं मला दुसऱ्याच दिवशी वाटलं. वरून परिपत्रक आलं. भटक्या समाजांचा इतिहास व संस्कृती यांची ओळख विद्यार्थ्यांना करून द्यावी, कार्यक्रम घ्यावा, पारंपरिक व्यवसायाचे प्रत्यक्ष प्रात्यक्षिक ठेवावे, ठिकाण दिसेल असे फोटो त्याच दिवशी पाठवावेत. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. मी धोडी सरांना म्हटलं, “सर, आपण असा कार्यक्रम करू की ताराबाईचे डोळे दिपले पाहिजेत!”

तारीखही मी झटक्यात ठरवली. महाशिवरात्रीची सुट्टी, तिच्या दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. सुट्टीच्या दिवशी सजावट होईल हा माझा हिशेब. विस्तार अधिकारी साहेबांनाही आमंत्रण दिलं आणि ते चक्क हो म्हणाले.

धोडी सर म्हणाले, “मॅडम, ताराबाईला विचारून घेऊ या का एकदा, काय काय दाखवायचं ते?”

“छे! तिला आयतं दिसलं पाहिजे. काजललाही तालमीला बसवू नका, नाहीतर फुटेल.”

इथे मी माझं पाप कबूल करते. ज्यांचा सोहळा, त्यांनाच त्याचा पत्ता नाही, आणि याला मी हुशारी समजत होते.

नाटुकलं मी स्वतः लिहिलं. ‘लोहारदादा’ नाव. सातवीतला सगळ्यांत धिप्पाड मुलगा घण घालणार आणि ठिगळाचं लुगडं नेसलेली एक मुलगी बाजूला बसून भाकऱ्या थापत नवऱ्याचं कौतुक करणारं गाणं म्हणणार. घणासाठी थर्माकोल वापरलं. त्याच्यावर बंदी आहे, मला ठाऊक आहे, पण हे शाळेच्या टीव्हीच्या खोक्यातून निघालेलं. मास्तर माणूस काही फेकत नसतो. दोन ठोकळे चिकटवले, बांबूचा दांडा लावला, काळा रंग दिला. लांबून पाहिलं तर दहा किलोचा घण!

प्रात्यक्षिकाचं काय, तर मी जाता जाता किसनभाऊंना म्हटलं, “परवा कार्यक्रमाला या हं, आणि हत्यारं दाखवाल ना सगळ्यांना?” किसनभाऊ फार बोलत नाहीत. “दाखवू की,” म्हणाले. झालं, माझ्या यादीत मी बरोबरची खूण केली.

महाशिवरात्रीला मी उपास केला, साबुदाण्याची खिचडी खाल्ली, रताळी खाल्ली, संध्याकाळी देवळात जाऊन आले. वाचकहो, तुमच्या लक्षात आलंच असेल. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी काय असतं? शेंबड्या पोराला विचारा. दिनदर्शिकेवर काळा ठिपका असतो तो. ऑफिसमधल्या दिनदर्शिकेवर मी पोषण आहाराचा तक्ता डकवून ठेवला होता, पण ती सबब झाली. उपास पोटात होता आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी नऊला मी चिंचेखाली गेले तर भट्टी थंडगार. राखसुद्धा झाडलेली. ऐरण, घण, हातोडे, सांडशा, सगळं धुऊन धुतल्या कापडावर ओळीने मांडलेलं, त्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं. किसनभाऊ स्वच्छ पांढरा सदरा घालून बाजूला बसलेले. मला बघून त्यांनी हात केला, या, बघा म्हणून. दाखवू म्हणाले होते ना, दाखवत होते.

“भट्टी?” मी विचारलं.

“आज अमास,” ताराबाई म्हणाली. “आज लोखंडाला ठोका न्हाय. हत्यारांचा आराम.”

मी मागे वळले. मैदानात मंडळी जमायला लागली होती. मी पहिल्याच म्हातारबाबांना म्हटलं, “तुम्हांला माहीत होतं, आज यांची भट्टी पेटत नाही?”

“म्हणजे काय! आमी अमासला कोयता आणीतच नाय इथं,” ते म्हणाले. “आमाला वाटला, बाईंना म्हायत हाय.”

पाड्यातल्या शेळ्यांनाही माहीत असावं. माहीत नव्हतं ते फक्त पदवीधर मुख्याध्यापिकेला.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या पाठीमागे वरचा साहेब होता आणि त्याला संध्याकाळी फोटो हवे होते. त्यांनी मांडलेली हत्यारं पाहिली, खिशातून फोन काढला आणि म्हणाले, “छान छान. पण पेटलेली भट्टी पाहिजे, मॅडम. प्रात्यक्षिक लिहिलंय परिपत्रकात. पाच मिनिटं पेटवायला सांगा. फोटोपुरती.”

ताराबाईने ऐकलं. तिचा चेहरा दगडासारखा झाला. काजल तिच्या मागे उभी होती, शाळेच्या गणवेशात, आईचा पदर धरून. मला दिसत होतं की आत्ता मी ‘हो’ म्हटलं तर ही पोर गेली. आणि ‘नाही’ म्हटलं तर साहेब गेले. तोवरच्या नोकरीत मी साहेबांना कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

“साहेब,” मी म्हटलं, आणि आवाज माझा वर्गातला लागला, सगळ्या मैदानाला ऐकू जाणारा, “काल महाशिवरात्र होती. कुणी तुम्हांला फोटोपुरतं मटण खा म्हटलं असतं, तर खाल्लं असतंत?”

धोडी सरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी फोन हळूच खिशात ठेवला आणि म्हणाले, “बरं मग, नाटक बघू.” देव त्यांचं भलं करो.

नाटक सुरू झालं. आमचा धिप्पाड लोहारदादा गळ्यात रुमाल, गालाला काजळ लावून आला आणि थर्माकोलचा घण डोक्यावर फिरवून बाकावर आपटायला लागला. लुगड्यातली मुलगी भाकऱ्या थापत गाऊ लागली. मी ताराबाईकडे बघत होते, डोळे कधी दिपतात म्हणून. आधी तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिने किसनभाऊंकडे पाहिलं. किसनभाऊंनी तोंडावर सदऱ्याची बाही धरली होती आणि त्यांचे खांदे गदगदत होते. मग ताराबाईचं पोट हलायला लागलं. आणि मग ती हसली! अशी हसली की आंब्यावरचे कावळे उडाले. तिचं बघून पाड्यातल्या बायका हसायला लागल्या. लोहारदादा रडवेला होऊन मधेच थांबला.

“थांबा, थांबा!” ताराबाई डोळे पुसत उठली. “अवो बाई, हे काय केलंत? सगळं उलटं! आमच्यात घण बाई घालती! गडी बसतो, सांडशी धरतो. गडी घण घालाया लागला तर लोखंड धरंल कोण, तुमचा साहेब?”

तीन वर्षं! तीन वर्षं माझ्या ऑफिसच्या खिडकीतून मला रोज ती घण घालताना दिसत होती. लिहायला बसले तेव्हा मात्र मी गड्याच्या हातात घण दिला आणि तिला भाकऱ्या थापायला बसवली. काय म्हणायचं या डोक्याला!

“मग तुम्ही दाखवा,” मी म्हटलं. “पण आज तर...”

ताराबाईने पुढे होऊन त्या मुलाच्या हातातून घण घेतला. उचलला, आणि तो इतका हलका निघाला की तिचा तोल जाता जाता राहिला. तिने ठोकळ्याला नख लावलं. पांढरा मणी सुटून आला.

“हे काय लोखंड न्हाय,” ती म्हणाली. “ह्याला अमास कसली?” आणि तिने पदर खोचला. “बाई, बसा खाली. तुम्ही माझा गडी.”

पोरांनी जो गिल्ला केला म्हणता! कुणीतरी स्वयंपाकघरातून सांडशी आणली. लाल लोखंड म्हणून आमच्या स्वयंपाकीणबाईंनी एक लांबलचक गाजर दिलं. ठोकायचा छोटा हातोडा म्हणून धोडी सरांनी डस्टर आणलं, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने. मी बाकाची ऐरण पुढ्यात घेऊन बसले, गाजर धरलं, आणि डोळे मिटले.

“बाई, असं नाय.”

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. काजल आईच्या मागून निघून माझ्याशेजारी आली होती. “आधी तुम्ही छोटा मारायचा. जिथं तुम्ही मारणार, तिथंच आई मारणार. तुम्ही जागा दाखवायची. आणि थांबायचं असेल तेव्हा हातोडा ऐरणीवर आडवा ठेवायचा, म्हणजे आई थांबते. बोलायचं नाय. बोललेलं ऐकू येत नाय तिथं.”

मी डस्टर मारलं. खडूचा ढग उडाला. वरून घण आला, फस्स! परत डस्टर, परत घण. तिसऱ्याला माझा ताल चुकला.

“अवो, लक्ष कुठं हाय?” ताराबाई कडाडली. “आधी तुमचा, मंग माझा! पोरांना असंच शिकवता व्हय?”

मुख्याध्यापिकेला शाळेसमोर कुणीतरी रागावतंय, हे बघायला आमची पोरं किती वर्षं वाट बघत होती कोण जाणे! काही तर अक्षरशः जमिनीवर लोळत होती. मग पोरांनी ताल धरला. टक्-धाड, टक्-धाड. पाड्यातल्या बायकांनी एकमेकींच्या कमरेत हात घालून फेर धरला, जसा त्या लग्नात धरतात तसा. प्रत्येक घावाला थर्माकोलचे मणी उडायचे, आणि ते माझ्या केसांत, साहेबांच्या मिशीत, म्हातारबाबांच्या टोपीवर जाऊन बसायचे. गाजर चपटं झालं. आणि काजल मधे उभी राहून, हात नाचवत, सगळ्यांना सांगत होती. लोखंड लाल असेपर्यंतच ऐकतं. काळं पडलं की मारायचं नाय, फुटतं. धार झाली की पाणी द्यायचं, पण आख्खा कोयता नाय बुडवायचा, नुसती धार. आख्खा बुडवला तर कडक होतो आणि दगडावर पडला की तुकडा!

“का बरं?” साहेबांनी विचारलं. खरंच विचारलं, तपासणीचा प्रश्न म्हणून नाही.

“पाठ मऊ पाहिजे, साहेब. धार कडक आणि पाठ मऊ. म्हणजे घाव पाठ सोसते.”

साहेब मान डोलवत होते. मी गाजराचं टोक बादलीत बुडवलं आणि काजलने हात वर केला. दीडशे तोंडांतून एकदम आवाज आला, “चर्रर्रर्र!” मी डस्टर बाकावर आडवं ठेवलं. ताराबाई जागच्या जागी थांबली. तिच्या हातात नुसता बांबू उरला होता.

साहेबांनी फोटो किती काढले ते विचारूच नका. पेटलेली भट्टी एकाही फोटोत नव्हती. जाताना त्यांनी ते गाजर खाऊन टाकलं.

गर्दी पांगल्यावर मी ताराबाईपाशी गेले. “ताराबाई, तुम्ही म्हणाला होतात, आमचं काय आहे ते दाखवा. मी काहीच धड दाखवलं नाही. चुकलं माझं. आधी तुम्हांलाच विचारायला हवं होतं.”

“ते तर खरंच,” ती म्हणाली. एवढंच. आणि काजलला घेऊन पालाकडे गेली. मी केसांतले मणी काढत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भट्टी पेटली. मी शाळेत पोचले तेव्हा घणाचे घाव चालू होते. पण ताल वेगळा होता. एक घाव जड, एक हलका. खिडकीतून पाहिलं तर किसनभाऊ बसलेले, एका बाजूला ताराबाई आणि दुसऱ्या बाजूला काजल, दोघी आळीपाळीने घालत होत्या. मनात म्हटलं, झालं, पोरीच्या हातात घण आला. मी खिडकी लावून घेतली. लाल पेन ड्रॉवरमध्येच होतं, मला ते तिथे आहे हे सारखं जाणवत होतं.

मधल्या सुट्टीत ताराबाई ऑफिसात आली. टेबलावर तिने एक वस्तू ठेवली. एक हातोडा, पण मी कधी पाहिला नव्हता तसा. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यातून काढलेला, डोकं गोल, अजून कोमट. चिंचेच्या लाकडाचा दांडा.

“काल माझी पोर साहेबाला शिकवत हुती,” ती म्हणाली. “आन् साहेब मान डोलवत हुता. मी तेच बघत हुते, घणाकडं ध्यानच नव्हतं माझं.” मग हातोड्याकडे बोट केलं. “हे तुमच्या घंटेला. निम्मे घाव काजलचे हायती. आता तुमच्या निशाळेत आमचं हाय. पोर ठेवते.”

मी रडले. टेबलावर डोकं ठेवून रडले, त्यात लाज कसली! ताराबाईने माझ्या पाठीवर थाप मारली, ती दोन दिवस दुखत होती.

पुढचं आधी सांगून टाकते. काजल दोन महिने आमच्या घरी राहिली आणि माझ्या यजमानांना तिने सुरी पाजवायला शिकवली. आता ती डहाणूला वसतिगृहात आहे, यंदा दहावीला. सातवीच्या वर्षी गणिताचा पेपर नेमका अमावस्येला आला. या वेळी मी दिनदर्शिका आधी पाहिली होती! वेळापत्रक वरून आलेलं, बदलता येईना. काजलने आईला फोन लावला. “पेन कशाचं हाय?” ताराबाईने विचारलं. “प्लास्टिकचं.” “मंग लिही की!” झालं. बाकी ज्यांच्या नावांवर मी रेघा मारल्या, त्यांच्यातल्या कुणाला मी असं विचारायला गेले नव्हते, हेही इथे लिहून ठेवते.

आणि आता तो टेम्पोचा दिवस. होळीच्या चार दिवस आधी, सकाळी त्यांनी पाल उतरवलं. ऐरण शेवटी चढली. ताराबाईने काजलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढे चालकाशेजारी जाऊन बसली. रडली असती तर बरं वाटलं असतं. टेम्पो तलासरीच्या रस्त्याला लागला. काजल मैदानात उभी राहून बघत होती. मी जवळ जाणार, तेवढ्यात ती वळली आणि ऑफिसात पळाली. मला वाटलं आता ही मागे धावणार. पण ती तो हातोडा घेऊन बाहेर आली आणि आंब्याखाली जाऊन रुळावर घातला.

ठण्ण!

असा आवाज आमच्या शाळेने कधी ऐकला नव्हता. तिने परत मारला, परत मारला. खालच्या वळणावर टेम्पो थांबला. खिडकीतून ताराबाईचा हात बाहेर आला, आडवा धरलेला. हातोडा ऐरणीवर आडवा ठेवतात तसा. थांब, झालं. काजलने पाहिलं आणि थांबली नाही. उलट जोरात वाजवायला लागली. हात तसाच बाहेर, आणि टेम्पो हळूहळू वळणाआड गेला.

तोवर सगळा पाडा जागा झाला होता. शाळा भरायला अजून पाऊण तास होता, पण घंटा वाजतेय म्हटल्यावर पोरं निघालीच. कुणाची वेणी अर्धी, कुणाच्या हातात भाकरी, एक जण तर दात घासता घासता. धोडी सर मोटारसायकलवरून उतरत घड्याळ बघत होते. मी कुणाला काही सांगितलं नाही. वर्गात गेले, हजेरी उघडली आणि नावं घ्यायला लागले. काजलचं नाव आलं तेव्हा ती दारात होती, धापा टाकत, हातोडा हातातच.

“हजर, बाई,” ती म्हणाली. त्या दिवशी पट पूर्ण होता.